दाताचा टवका उडाला, दाढेला तडा गेला: ठाणे आणि नवी मुंबईतल्या पेशंटचे नेहमीचे प्रश्न

दहीहंडीच्या संध्याकाळी पुढचे दात आणि दिवाळीचा फराळ संपत आला की दाढा, असा आमच्या दवाखान्याचा ढोबळ हिशोब आहे. मधले दिवस घोडबंदर रोडचे खड्डे आणि टर्फवरचं क्रिकेट भरून काढतात. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि खुर्चीत बसल्यावर लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे.

दात आत्ताच तुटलाय. आधी काय करू?

आधी डोक्याकडे बघा, तोंड नंतर. पडल्यावर माणूस क्षणभर जरी बेशुद्ध झाला असेल, उलटी झाली असेल, गुंगी येत असेल किंवा दात मिटल्यावर जबडा नेहमीसारखा बसत नसेल, तर दाताच्या डॉक्टरकडे न येता थेट मोठ्या रुग्णालयात जा. ठाण्याकडच्यांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, वाशीत महापालिकेचं रुग्णालय आहे. गाडी नसेल तर 108.

डोकं ठीक असेल तर कोमट पाण्याने हलकी चूळ भरा. रक्त येत असेल तिथे स्वच्छ रुमालाची घडी दहा मिनिटं दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका, त्याने रक्त थांबत नाही. गालावर बाहेरून बर्फ लावा. रस्त्यावर पडून ओठ फाटला असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर तेही घ्यावं लागेल.

मग तुकडा शोधा. तो सापडत नसेल आणि ओठ फाटलेला असेल तर तो ओठाच्या आत रुतलेला असू शकतो. वरून टाके पडतात आणि तुकडा आतच राहतो, असं होतं. म्हणून टाके घालणाऱ्या डॉक्टरला ‘दाताचा तुकडा सापडलेला नाही’ हे आपण होऊन सांगा. पडल्यापासून खोकला लागलाय, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय, असं असेल तर तुकडा श्वासनलिकेत गेल्याची शंका घ्यायची आणि छातीचा एक्स-रे काढायचा.

तुकडा सापडला. त्याचा काही उपयोग?

पुढच्या दाताचा असेल तर पुष्कळ. तुकडा अखंड असला तर तोच परत चिकटवता येतो, आणि रंग, आकार, चकाकी सगळं तुमचं स्वतःचंच असल्यामुळे सांधा शोधावा लागतो. अट एकच, तो सुकता कामा नये. सुकलेला तुकडा खडूसारखा पांढरा पडतो आणि त्याची पकडही कमी होते. डबीत पिशवीचं थंड दूध घ्या, त्यात टाका आणि तसाच घेऊन या. दूध नसेल तर सलाईन, तेही नसेल तर साधं पाणी. पेशंट मात्र तुकडा टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून, पाकिटात नोटांच्या मागे जपून आणतात. सुकलेला असला तरी फेकू नका. आम्ही तो भिजत ठेवून बघतो.

घरी गोंदाने चिकटवायचा नाही. झटपट चिकटणारा गोंद लावून आलेले दात आम्ही पाहतो. आधी तो गोंद खरवडण्यातच वेळ जातो, आणि खाली मऊ भाग उघडा असेल तर दात भाजून निघालेला असतो.

तुकडा नाही, अख्खा दातच मुळासकट हातात आलाय!

इथे मिनिटं मोजायची. मोठ्या माणसाचा किंवा मुलाचा कायमचा दात असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाने धरा, मुळाला बोट लावू नका. मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो आणि तो टिकला तरच दात पुन्हा रुजतो. माती लागली असेल तर दूध किंवा सलाईनने हलकेच धुवा. तेही नसेल तर नळाच्या धारेखाली काही सेकंद. घासायचा नाही, पुसायचा नाही. मग होता त्याच दिशेने खळग्यात परत बसवा, स्वच्छ रुमाल हलकेच चावून धरा आणि निघा. हात धजावत नसेल तर दुधात घालून आणा. पाण्यात बुडवून ठेवू नका, पाण्याने त्या पेशी फुटतात; तुकड्याला पाणी चालतं, मुळासकट दाताला नाही. अर्ध्या तासात दात जागेवर गेला तर उत्तम. तास उलटला की आशा झपाट्याने कमी होते, तरी दात घेऊन याच. बसवलेला दात शेजारच्या दातांना बारीक तारेने सुमारे दोन आठवडे बांधून ठेवतात.

दुधाचा दात निखळला असेल तर तो परत बसवायचा नाही. त्याने वर वाढत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते.

किती खोल तुटलाय हे घरी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. मोबाइलच्या टॉर्चमध्ये तुटलेल्या जागेचा रंग बघा. सगळं पांढरं दिसतंय, फक्त जिभेला धार लागतेय, तर वरचं कवच म्हणजे इनॅमलच उडालंय. आठवड्याभरात या, चालेल. मध्ये पिवळसर भाग दिसतोय आणि गार पाण्याने किंवा वाऱ्याने शिणक येते, तर आतलं डेन्टिन उघडं पडलंय, एक-दोन दिवसांत या. त्या पिवळ्यात गुलाबी किंवा लाल ठिपका असेल, तिथून रक्त येत असेल, तर नस, म्हणजे दाताच्या आतला मऊ, जिवंत भाग, उघडी आहे. त्याच दिवशी या. हा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा असतो, आणि लोक तो हिरडीचं रक्त समजून पुसून टाकतात.

आरशात दातावर उभ्या बारीक रेघा दिसतात. तडे आहेत का?

बहुतेक नाहीत. चाळिशीनंतर पुढच्या दातांवर अशा रेघा पुष्कळांच्या दिसतात. त्या फक्त इनॅमलपुरत्या असतात. दुखत नसेल तर हात लावायचं कारण नाही. फक्त रात्री दात खाता का, हे घरच्यांना विचारा.

चावताना कधीतरी जोरात कळ येते, पण एक्स-रे नॉर्मल आहे. मग दुखतंय काय?

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो आणि याचीच सगळ्यात जास्त हेळसांड होते. पेशंट दोन-तीन दवाखाने फिरून आलेला असतो. नेमकी कुठली दाढ ते त्याला सांगता येत नाही. रोज दुखत नाही. भाकरी, फुटाणे, बडीशेपेचा एखादा दाणा अशा कशावर तरी दात पडतो आणि वीज चमकल्यासारखी कळ जाते. नीट विचारलं तर कळतं की कळ चावताना कमी आणि चावून दात उचलताना जास्त येते. ही तडा गेलेल्या दाढेची खूण आहे. चावताना तडा किंचित उघडतो, सोडताना मिटतो, आणि डेन्टिनमधल्या सूक्ष्म नळ्यांतलं पाणी झटकन हलून नसेला झटका बसतो. जोडीला गारही लागतं.

एक्स-रेत तो दिसत नाही याचं कारण सोपं आहे. दाढेतला तडा बहुतेक वेळा पुढून मागे जातो आणि एक्स-रेची किरणं गालाकडून जिभेकडे जातात. तडा आडवा पडतो, फिल्मवर उमटतच नाही. म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ म्हणजे ‘दाढ चांगली आहे’ असं धरू नका.

मग शोधायचा कसा? दाढेच्या एकेका टोकावर प्लॅस्टिकचा छोटा ठोकळा ठेवून चावायला लावतात. ज्या टोकावर, सोडताना, पेशंट खुर्चीत दचकतो, ते टोक. मग दाताला बाजूने बारीक प्रखर दिवा लावतात. चांगल्या दातात उजेड आरपार पसरतो. तडा असेल तर उजेड तडय़ापाशी थांबतो, अलीकडे लख्ख आणि पलीकडे काळोख. कधी जुनं सिमेंट काढून आत निळा रंग लावतात, मग तडा रेघेसारखा उठून दिसतो. हिरडीच्या कडेने फिरवलेली मोजपट्टी एकाच जागी खोल गेली, तर तडा मुळापर्यंत पोचल्याची शंका येते.

लवकर सापडला तर दाढेला कॅप घालून ती आवळून धरता येते आणि बऱ्याचदा नस वाचते. उशीर झाला तर रूट कॅनल, म्हणजे आतली नस काढून ती पोकळी भरणं. तडा मुळात उतरून दाढेची दोन शकलं सुटी हलायला लागली, तर ती काढण्याशिवाय इलाज उरत नाही. मोटारीच्या काचेवरच्या तड्यासारखंच हे आहे, आपोआप लहान होत नाही. हाड मोडलं तर सांधतं, कारण त्यात जिवंत पेशी असतात. इनॅमलमध्ये त्या नसतात.

दोन आठवडे ठणकत होतं, आता अजिबात दुखत नाही. म्हणजे बरं झालं ना?

नाही हो. बहुतेक वेळा याचा अर्थ नस मेली. रात्री झोपू न देणारा ठणका अचानक गायब होतो, पेशंट खूश होऊन अपॉइंटमेंट रद्द करतो, आणि काही महिन्यांनी हिरडीवर पुळी किंवा गालावर सूज घेऊन येतो. तोवर मुळाच्या टोकाशी हाड पोखरलेलं असतं.

पुढच्या दाताला मार बसला असेल तर उलटाही धोका असतो. गार लावून केलेली नसेची तपासणी मारानंतर पहिले काही आठवडे, कधी तीन महिनेही, नस जिवंत असूनही ‘नाही’ सांगते. तेवढ्यावर घाईने रूट कॅनल करू नये. म्हणून दीड-दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने परत दाखवायला सांगतात. मधल्या काळात दात राखाडी पडायला लागला तर लगेच या.

लवंगेचं तेल लावू का? आई मिश्री लाव म्हणते.

लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिर होतं, हे खरं. कापसाला थेंबभर लावून फक्त दाताला टेकवा. हिरडीवर सांडलं तर चट्टा भाजतो. आणि लावलं असेल तर डॉक्टरला सांगा, कारण त्यातल्या युजेनॉलमुळे दाताच्या रंगाचं सिमेंट नीट घट्ट होत नाही.

मिश्री नको. आईंना राग येईल, पण ती जाळलेली तंबाखूच आहे. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाताशेजारी दाबून ठेवू नका, हिरडी पांढरी होऊन सोलते. सूज असेल तर गालावर शेकही नको.

मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पाच दिवस घेतलं तर?

तड्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. ते लागतं सूज पसरत असेल किंवा ताप असेल तर, आणि तेव्हाही दाताचा इलाज करावाच लागतो. दुखणं थांबवायला पॅरासिटामॉल चालतं: मोठ्या माणसाला 500 मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, मध्ये किमान सहा तास. लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारा. पावसाळ्यात अंगात तापही असेल तर आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन टाळा. ठाण्यात तेव्हा डेंग्यू असतोच, आणि त्यात या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

जबड्याखाली सूज, तोंड पुरतं उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, असं झालं तर सकाळची वाट बघू नका. ती सूज श्वास अडवू शकते. रात्री दोन वाजता असलं तरी कॅज्युअल्टी गाठा.

रविवार आहे, सगळे दवाखाने बंद. तोवर?

धार टोचत असेल तर बिनसाखरेचं च्युइंगम चावून मऊ करा आणि धारेवर दाबून बसवा. दुसऱ्या बाजूने खा. वरणभात, खिचडी, दहीभात. फार गरम, फार गार नको. उशी थोडी उंच घ्या, आडवं पडल्यावर ठणका वाढतो. ब्रश बंद करू नका, मऊ ब्रशने हळू फिरवा.

यावर इलाज नेमका काय करतात? सरसकट कॅपच घालतात का?

नाही, आणि टवका उडालेल्या पुढच्या दाताला कुणी पहिल्याच भेटीत ‘रूट कॅनल आणि कॅप’ म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या. तांदळाच्या कणीएवढा टवका असेल तर नुसती कड घासून गुळगुळीत करतात, झालं. त्याहून मोठा असेल तर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं सिमेंट. कॅपसाठी दात चारी बाजूंनी घासावा लागतो आणि घासलेलं परत येत नाही.

कंपोझिटचं काम एका बैठकीचं असतं. आधी रंग जुळवतात, दात ओला असतानाच, कारण सुकला की तो पांढरट दिसतो आणि नंतर सिमेंट काळपट वाटतं. मग निळं जेल लावतात. हे फॉस्फोरिक अ‍ॅसिड. अर्ध्या मिनिटात धुतलं की इनॅमल दुधी, खरखरीत दिसतं, आणि चिकट द्रव त्या खाचांत शिरतो. जिभेला आंबट लागलं तर तेच ते. त्यावर थराथराने कंपोझिट, दर थराला निळा दिवा, शेवटी घासून चकाकी. टवका लहान असेल तर भुलीचं इंजेक्शनही सहसा लागत नाही. चहा, तंबाखू, हळद यांनी काही वर्षांत कड पिवळी पडते, तेव्हा परत पॉलिश किंवा नवीन. पेरू मात्र कापूनच खायचा.

दाढेचं टोक तुटलं असेल तर बहुधा कॅप किंवा अर्धी कॅप. रूट कॅनल झालेल्या दाढेला कॅप हवीच. आमच्याकडे दुभंगून आलेल्या दाढांतल्या किती तरी अशा असतात की रूट कॅनल झालं, दुखायचं थांबलं आणि कॅपचं राहूनच गेलं.

मुलगा शाळेत पडला. पुढचा कायमचा दात अर्धा तुटला, लाल ठिपका दिसतोय.

त्याच दिवशी आणा, पण घाबरू नका. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दाताचं मूळ अजून पूर्ण तयार झालेलं नसतं, टोक उघडं असतं आणि रक्तपुरवठा भरपूर. म्हणून नसेचा वरचा दोनेक मिलिमीटर भाग काढून त्यावर औषधी सिमेंट घालतात. खालची नस जिवंत राहते, मूळ वाढत जातं. या वयात सरळ पूर्ण रूट कॅनल सुचवलं गेलं तर मुलांच्या दातांच्या डॉक्टरला एकदा दाखवा. दुधाच्या दाताचा टवका उडाला असेल तर बहुधा घासून भागतं. तो राखाडी झाला तरी नुसतं लक्ष ठेवायचं, पुळी आली तर मात्र दाखवायचं.

गरोदर आहे, शुगर आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे...

तिघांचेही इलाज होतात. गरोदर असाल तर तातडीचं काम कधीही, सवडीचं चौथ्या ते सहाव्या महिन्यात. नेहमीची भूल चालते, गरज असेल तर अ‍ॅप्रन घालून एक्स-रेही. शुगर असेल तर नाश्ता आणि गोळी घेऊन या, उपाशी येऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

खर्च किती? कमी खर्चात कुठे होईल?

विचारताना ‘रूट कॅनलचे किती?’ एवढंच विचारू नका, तिथेच फसगत होते. रूट कॅनल, वरचं सिमेंट, लागलीच तर पोस्ट (मुळात बसवायची आधाराची काडी), आणि कॅप, या सगळ्यांचे मिळून किती, आणि कॅप कशाची, धातूची, धातूवर सिरॅमिकची की झिरकोनियाची, हे कागदावर लिहून मागा. मागच्या दाढेला निव्वळ धातूची कॅपही उत्तम चालते. दिसत नाही, टिकते, स्वस्त पडते.

खिशाला परवडत नसेल तर डेंटल कॉलेजं आहेत, आणि याबाबतीत नवी मुंबई भाग्यवान. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एम. जी. एम. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने नेरुळ गाठता येतं. सरकारी हवं असेल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं पालिकेचं नायर. काम विद्यार्थी करतात, वर शिक्षक तपासतात. त्यामुळे वेळ लागतो, फेऱ्या जास्त पडतात, अर्धा दिवस मोकळा ठेवून जावं लागतं. पण काम नीट होतं. कुठेही जा, डॉक्टरची बीडीएस किंवा एमडीएस पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा.

मेडिक्लेममध्ये मिळतं का? आणि मारामारीत तुटला असेल तर?

साध्या पॉलिसीत दाताचं काम सहसा बसत नाही. अपघातामुळे असेल तर अनेक पॉलिसींत बसतं, पण कधीकधी रुग्णालयात दाखल होण्याची अट असते. म्हणून पहिल्याच दिवशी फोटो, एक्स-रे आणि ‘अपघाताने’ असा उल्लेख असलेला केसपेपर घ्या.

मारामारीचं म्हणाल, तर कुणी मारून दात पाडला किंवा तोडला तर कायद्यात ती साधी नाही, जबर दुखापत धरली जाते. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 320 मध्ये हाडासोबत दाताचं नाव होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 116 मध्ये आहे. तक्रार करायची असेल तर आधी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात नोंद करा, मग आमच्याकडे या. आम्ही दात दुरुस्त केल्यावर पुरावाही बुजतो.

पुन्हा होऊ नये म्हणून काय टाळायचं?

चिंबोरीची नांगी दाताने फोडणं, हे पहिलं. आगरी-कोळी घरांत हे सांगायला गेलं की लोक हसतात. पण खलबत्त्याचा बत्ता घ्या, चव तीच राहते. मटणाची नळी चोखा, चावू नका. बर्फ, सुपारी, संक्रांतीची दगडासारखी चिक्की, पॉपकॉर्नच्या तळाचे न फुटलेले दाणे. सोड्याच्या बाटलीचं झाकण आणि शिवणाचा दोरा यांच्यासाठी घरात दुसरी हत्यारं असतात. टर्फवर किंवा बॉक्सिंग-कराटेला जाणाऱ्या मुलांना माउथगार्ड. बाइकवर तोंड झाकणारं हेल्मेट, कारण अर्ध्या हेल्मेटने डोकं वाचतं पण हनुवटी आणि दात उघडेच राहतात. आणि रात्री दात खात असाल तर मापाचं नाइटगार्ड करून घ्या.

कॅप बसवून दोन दिवस झाले. चावताना तोच दात आधी लागतो. सवय होईल ना?

सवय लावून घेऊ नका. कॅप केसभर उंच असली तरी चावण्याचा सगळा भार त्या एका दाढेवर येतो. फोन करून या. कार्बन पेपर चावायला लावून डाग पडेल तिथे घासायचं असतं, पाच मिनिटांचं काम आहे. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.